विमान एका बाजूला झुकतंय? आधी पीळ शोधा, मग इस्त्री तापवा

हातातून सोडलेलं मॉडेल विमान सरळ न जाता हळूहळू डावीकडे वळत जातं. एलेरॉनचं, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीचं, ट्रिम (रिमोटवरचं बारीक समायोजन) सात-आठ क्लिक उजवीकडे दिल्याशिवाय ते सरळ उडत नाही, आणि मागच्या रविवारी बसवलेलं ट्रिम या रविवारी चुकीचं निघतं. उतरताना वेग कमी केला की एक पंख अचानक पडतो, आणि दर वेळी तोच. पंख टेबलावर ठेवला तर एक कोपरा अधांतरी राहतो, त्यावर बोट टेकवलं की टक् वाजतो, उंचसखल जमिनीवर ठेवलेल्या पाटासारखा. आवरणावर, म्हणजे वर चिकटवलेल्या फिल्मवर किंवा कागदावर, एका बाजूला तिरक्या सुरकुत्या दिसतात. यांतली दोन लक्षणं एकत्र दिसली की पंखात पीळ असल्याचा संशय घ्या.

पण संशयच. माझ्याकडे सरळ करायला येणाऱ्या पंखांत बरेच पंख निर्दोष असतात, दोष दुसरीकडेच असतो.

सोलापुरात हा त्रास वर्षातून दोनदा येतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या वर जातो, हवा कोरडी होते, आणि पत्र्याच्या घरात माळ्यावर ठेवलेला पंख दुपारभर भाजत राहतो. जुलैत हवेत ओल आली की पंखाच्या सांगाड्याचं बाल्सा लाकूड पाणी ओढून फुगतं. बाल्सा फार हलकं असतं, घनमीटरला साधारण दीडशे किलो. सागवान त्याच्या चौपट भरतं. हे पोकळ पेशींचं लाकूड ओल पटकन घेतं आणि पटकन सोडतं. दोन्ही बाजूंनी सारखी घेतली तर फारसं बिघडत नाही. एका बाजूनं जास्त घेतली की पीळ पडतो.

माझे वडील भवानी पेठेत मागावर चादरी विणायचे. ताण्याचे धागे एकीकडे ताठ आणि एकीकडे सैल राहिले, तर मागावर सरळ दिसणारी चादर उतरवल्यावर तिरकी होते, हे त्यांनी मला लहानपणी हाताला धरून दाखवलं होतं. पंखाचं तसंच आहे. वरची आणि खालची फिल्म सांगाड्याला आपापल्या दिशेनं ओढत असते, आणि मधलं लाकूड ती ओढ सोसत उभं असतं. म्हणून या दुरुस्तीत मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: ओढ कोणाची आहे, आवरणाची की लाकडाची? उत्तर मिळण्याआधी इस्त्री लावली तर चांगला पंखही बिघडतो. सुरुवातीच्या वर्षांत मी असे दोन पंख घालवले आहेत.

आधी फुकटातल्या तपासण्या

पहिली तपासणी मैदानावरच करा. पुरेशा उंचीवर मोटर बंद करा आणि विमान नुसतं तरंगू द्या. मोटर बंद झाल्यावर झुकणं थांबलं, तर पंखाला हात लावू नका. नाकावरचा पंखा (प्रॉपेलर) फिरताना विमानाला उलट बाजूला मुरड देतो. नेहमीचा, मागून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेनं फिरणारा पंखा असेल तर विमान डावीकडे झुकू पाहतं. त्याचा इलाज मोटरच्या खाली किंवा बाजूला वॉशर घालून तिचा कोन बदलणं हा आहे. दोन-तीन रुपयांचं काम.

मोटर बंद असतानाही झुकत असेल, तर वजन तपासा. विमान नाकापाशी आणि शेपटीपाशी, बरोबर मध्यरेषेवर, दोन बोटांवर तोला. दर वेळी एकच पंख खाली जात असेल तर दुसऱ्या टोकाला एक रुपयाची नाणी चिकटपट्टीनं लावत जा. हल्लीची नाणी तीन ते पावणेचार ग्रॅमच्या आसपास असतात, एकाच प्रकारची घेतली की फरक किती आहे ते लगेच कळतं. ही तपासणी महत्त्वाची आहे, कारण वजनाचा फरक आणि पीळ हवेत दिसायला सारखे असले तरी वागतात वेगळे. वजनाची ओढ वेग कितीही असो, तेवढीच राहते. पिळाचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, वेग दुप्पट झाला की जोर चौपट. सावकाश उडताना जास्त झुकणारं आणि वेगात सावरणारं विमान बहुतेक वेळा वजनाचं दुखणं सांगत असतं. वेग वाढवला की जास्त झुकणारं विमान पिळाकडे बोट दाखवतं.

आणखी एक खूण आहे, ती मला फार उशिरा समजली. वेगात विमान उजवीकडे झुकतं, पण अगदी हळू केल्यावर डावा पंख पडतो, असं झालं तर डाव्या पंखाच्या टोकाची मागची कड खाली वळलेली असते. वेगात तो पंख जास्त उचलतो म्हणून विमान उजवीकडे जातं. वेग संपत आला की जास्त कोनात असलेलं तेच टोक आधी स्टॉल होतं, म्हणजे त्याची उचल अचानक तुटते, आणि पडतं. ट्रिम देऊन हा दोष झाकता येतो, पण उतरताना जमिनीपासून दोन मीटरवर तो उघडा पडतो. म्हणून कोणी "ट्रिम मारून टाक, चालतंय" असं म्हटलं तर ऐकू नका.

तिसरी तपासणी बैठकीची. पंख धडावर ज्या खोबणीत बसतो तिथे गोंदाचा थेंब वाळलेला असतो, एका बाजूचा फोम दबलेला असतो, किंवा रबरबँड एकीकडे जास्त ताणलेले असतात. शेपटीच्या मध्यबिंदूपासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत दोरा धरून मोजा. दोन्ही अंतरं सारखी आली पाहिजेत. मग मागे दोन-तीन मीटर जाऊन एक डोळा मिटून पाहा, पंख आणि शेपटीची आडवी पट्टी समांतर दिसतात का. शेपटीच तिरकी चिकटवलेली असते आणि दोष पंखाच्या माथी येतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

चौथी, एलेरॉन. ट्रिम शून्यावर आणा आणि दोन्ही एलेरॉन पंखाच्या कडेशी मिळतात का पाहा. मिळत नसतील तर सर्व्होचा (एलेरॉन हलवणाऱ्या छोट्या मोटरचा) हात आणि सळईचं टोक नीट बसवा. इथे वेळ घालवू नका, पाच मिनिटांचं काम आहे.

पीळ मोजायचा कसा

या चारही गोष्टी ठीक असतील तर पंख धडावरून काढा. त्याला खरोखर सपाट पृष्ठभाग लागतो. आपल्याकडे घरोघरी असलेल्या शहाबादी फरशीवर मोजू नका; ती हाताला सपाट लागते, पण पट्टी लावली की खाली उजेड दिसतो. गुळगुळीत कडप्प्याचा ओटा बरा. सगळ्यांत चांगली जाड काच. काचवाल्याकडे ८ मिमी काचेचा उरलेला लांब तुकडा स्वस्तात मिळतो, त्याच्या कडा तिथेच घासून घ्या.

खालून सपाट असलेला पंख काचेवर तसाच ठेवता येतो. खालूनही फुगीर असेल तर पुढच्या आणि मागच्या कडेखाली सारख्या उंचीच्या पट्ट्या ठेवा. एका वेळी पंखाचा एकच अर्धा भाग मोजा, कारण दोन्ही अर्धे मधे वर उचलून जोडलेले असतात. मुळाशी वजन ठेवून तो भाग दाबून धरा आणि टोकाशी मागची कड काचेपासून किती उचलली आहे ते स्टीलच्या पट्टीनं मोजा. १८० मिमी रुंद पंखात १ अंशाचा पीळ म्हणजे मागच्या कडेला साधारण ३ मिमी. एवढा फरक डोळ्यांना जाणवतो, आणि विमानाला नक्कीच जाणवतो.

दोन्ही टोकांच्या मागच्या कडा सारख्याच, दोन-तीन मिलिमीटर वर असतील तर तो दोष नाही. तो वॉशआउट. टोक शेवटी स्टॉल व्हावं म्हणून पंख करणाऱ्यानं तो मुद्दाम ठेवलेला असतो. नकाशात किंवा किटच्या कागदात तो लिहिलेला असतो, वाचून घ्या. गेल्या वर्षी शेजारच्या एका मुलानं दोन रात्री जागून छान वॉशआउट असलेला पंख सपाट करून आणला होता. तो परत बसवायला आम्हाला अख्खा रविवार लागला.

ओढ कोणाची?

पंख दोन्ही हातांत धरा आणि पिळाच्या उलट दिशेला हळू फिरवा. तो सहज फिरला, आवरणावर तिरक्या सुरकुत्या उमटल्या, आणि सोडल्यावर सावकाश जुन्या जागी गेला, तर ओढ आवरणाची. फिरायलाच तयार नाही, किंवा सोडताच पट्टीसारखा फटकन परत जातो, तर लाकूड वाकलेल्या स्थितीतच चिकटलेलं आहे.

तरी खात्री होत नसेल तर पीळ जिथे जास्त आहे तिथे खालच्या बाजूनं, दोन रिबांच्या, म्हणजे पंखाच्या फासळ्यांच्या, मधल्या फिल्मला ब्लेडनं एक चीर द्या. उचललेला कोपरा काचेवर टेकला तर उत्तर मिळालं. चिरेला नंतर त्याच रंगाचं ठिगळ लावता येतं. मन धजत नाही, मला ठाऊक आहे, पण एका ठिगळाच्या बदल्यात चार दिवस वाचतात.

फिल्मचा पंख

ओढ आवरणाची असेल तर काम सोपं आहे आणि बहुतेक पीळ इथेच सुटतात. हीट गन किंवा मॉडेलची छोटी इस्त्री लागते. मोनोकोटसारखी फिल्म चिकटायला साधारण १३५ अंश आणि आवळायला १७५ अंश लागतात. दुसऱ्या कंपन्यांच्या फिल्म कमी उष्णतेत आवळतात, म्हणून आधी उरलेल्या तुकड्यावर करून पाहा. कपड्यांची इस्त्री वापरायची वेळ आलीच तर तिच्या तळाला स्वच्छ सुती कापड गुंडाळा, नाहीतर फिल्मवर ओरखडे उठतात.

दोन माणसं हवीत. माझ्याकडे पंख धरायचं काम धाकटी मुलगी करते, आणि तिच्या हाताचा अंदाज आता माझ्याइतकाच पक्का झाला आहे. एकानं मूळ टेबलाला दाबून धरायचं आणि टोक उलट दिशेला फिरवायचं. नुसतं सपाट होईपर्यंत फिरवून भागत नाही. ४ मिमी पीळ असेल तर सपाटाच्या पलीकडे आणखी ४ मिमी न्या, कारण सोडल्यावर लाकूड थोडं मागे येतंच. असं फिरवलं की फिल्मवर एका कर्णाच्या दिशेनं सुरकुत्या येतात. त्या सुरकुत्यांवरच उष्णता द्यायची. सुरकुती आवळून नाहीशी झाली की पंखाचा नवा आकार तिथे बांधला जातो.

गन एका जागी धरू नका, हात फिरता ठेवा. वरची बाजू झाली की हात न सोडता पंख उलटा करून खालच्या बाजूला तेच करा. फक्त वरच्या बाजूला केलं तर दोन दिवसांत पंख पुन्हा वळतो. चादरीचा तोच हिशेब. उष्णता थांबवल्यावर निदान दोन मिनिटं पीळ तसाच धरून ठेवा. घाई इथेच नडते. फिल्म गरम असताना सोडलेला पंख डोळ्यांदेखत परत फिरतो.

पंख रात्रभर काचेवर मोकळा ठेवा आणि सकाळी मोजा. मग माझी नेहमीची परीक्षा: दहाच्या सुमाराच्या उन्हात पंधरा मिनिटं ठेवा, दर पाच मिनिटांनी उलटा, आणि परत मोजा. उन्हात टिकला तर मैदानावर टिकेल. काळ्या आणि गडद निळ्या फिल्मचे पंख या परीक्षेत जास्त वेळा नापास होतात, ते जास्त तापतात. म्हणून नवा पंख मढवताना मी वरच्या बाजूला पांढरा किंवा पिवळा रंगच सुचवतो.

फिल्म कायम आवळत राहत नाही. तीन-चार वेळा तापवलेली फिल्म आणखी आवळत नाही, फक्त ठिसूळ होते. सुरकुती दोनदा उष्णता देऊनही जात नसेल तर फिल्म सोलून काढा आणि नवी लावा.

थर्माकोलच्या गाभ्याच्या पंखावर हीट गनचा हा प्रयोग करू नका. थर्माकोल शंभर अंशांच्या आतच मऊ पडून आक्रसतं, आणि वरचं आवरण चांगलं दिसत असताना आत पोकळी पडते.

कागद आणि डोपचा पंख

टिश्यू कागद लावून त्यावर डोप, म्हणजे कागद आवळणारं वार्निशसारखं द्रावण, फिरवलेले हलके पंख आता थोडेच लोक करतात, पण शिकणाऱ्या मुलांसाठी ते उत्तम आहेत. इथे गन नको, वाफ हवी. किटलीच्या तोटीपासून वीतभर अंतरावर पंख फिरवत न्या, कागद मऊ झाला की उलट पीळ देऊन वाफेबाहेर आणा आणि सुकेपर्यंत धरा. कुकरच्या शिट्टीची वाफ वापरू नका, तिचा जोर आवरत नाही आणि हात भाजतो.

डोप पुढे कित्येक आठवडे आवळत राहतो, म्हणून आज सरळ दिसलेला पंख महिन्याभरानं वळू शकतो. जुनी मंडळी डोपमध्ये एरंडेल तेलाचे थोडे थेंब घालत, त्यानं तो मऊ राहतो आणि कमी ओढतो. मीही घालतो. डोप लावताना जवळ गॅस, उदबत्ती, काहीही पेटतं नको; त्याची वाफ भडकते.

सपाट बाल्सा-फळीचा पंख

हाताने फेकायच्या ग्लायडरचा पंख एकाच फळीचा असतो, तिथे ओढ लाकडाचीच. फळी ज्या बाजूला खोलगट झाली आहे ती बाजू आखूड पडलेली असते. त्याच बाजूला ओल्या फडक्यानं पाणी लावा. ती फुगून लांब होते आणि फळी सपाट होते. लोक फुगीर बाजूला पाणी लावतात आणि बाक वाढवून बसतात. ओली फळी दोन सपाट फळ्यांमध्ये, मधे जाळी किंवा कागदाचे थर घालून, वजनाखाली दोन रात्री ठेवा. एप्रिलमध्ये आपल्याकडे उघडी फळी तासाभरात वाळते, पण वरची बाजू आधी आणि खालची नंतर, म्हणून वाळता वाळता नवा बाक येतो. दोन्ही बाजूंना सारखी हवा लागू द्या आणि घाई करू नका. फळी अगदी हट्टी असेल तर पाण्यात थोडा अमोनिया घालतात, त्यानं लाकूड जास्त मऊ पडतं. ते काम गच्चीवर करा आणि ब्लीचिंगच्या पाण्याशी तो कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

सांगाडाच वळलेला असेल

हे सगळ्यांत अवघड. आवरण पूर्ण काढावं लागतं. बहुतेक वेळा दोषी मागची कड असते: बांधताना ती वाकडी होती आणि तशीच चिकटली. प्रत्येक रिबेशेजारी बारीक करवतीनं तिला अर्ध्या जाडीपर्यंत खाचा द्या, पंख काचेवर टाचण्यांनी आणि वजनांनी सरळ दाबा, खाचांत बाल्साच्या चकत्या बसवून पातळ सीए गोंद (झटपट चिकटणारा सुपर ग्लू) सोडा. मग रिबांच्या मधे तिरक्या पट्ट्या घाला आणि वरच्या-खालच्या स्पारच्या (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य काड्यांच्या) मधे उभे बाल्सा-तुकडे लावा, त्यांच्या लाकडाचे तंतू उभे ठेवून. नुसत्या उभ्या-आडव्या काड्यांची चौकट पिळाला फार कमी विरोध करते. तिरकी पट्टी आली की ती घट्ट होते. सायकलच्या फ्रेमकडे पाहा, त्रिकोण कशासाठी असतात ते तिथे दिसतं.

इथे थांबा

पंख हलका वाकवताना कर्र असा आवाज आला, स्पारवर तडा दिसला, मधला जोड हलतो आहे किंवा फिल्मवर एकाच रेषेत पांढरी घडी उमटली आहे, तर सरळ करणं बंद करा. तो पीळ नाही, मोड आहे. वरून कितीही सरळ केला तरी तो पंख हवेत दुमडणार.

दोनदा नीट सरळ करून, उन्हाच्या परीक्षेनंतरही पीळ परत आला, तर तिसऱ्यांदा करू नका. इंजिनवर चालणारं किंवा दोन किलोच्या वरचं विमान असेल, तर सांगाड्याचं काम घरी एकट्यानं करू नका. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवलं जातं. तिथले प्रशिक्षक किंवा अशी विमानं स्वतः बांधून उडवणारा जुना माणूस शोधा आणि पंख आवरणासकट, काही न सोलता घेऊन जा. फिल्मवरच्या सुरकुत्या बघूनच तो अर्धं निदान करतो. सुताराकडे नेऊ नका. सुतार हुशार असतो, पण त्याचा हात सागवानाचा; बाल्सा त्याच्या चिमट्यात चुरगळतं.

दुरुस्त होऊन आलेला पंख उडवण्याआधी बॅटरीसकट पूर्ण विमान दोन्ही पंखांच्या टोकांना धरून जमिनीपासून दोन इंच उचला. यात मुळाशी सरळ उड्डाणाच्या दुपटीहून जास्त ताण येतो. आवाज आला तर खाली ठेवा आणि त्याच माणसाकडे परत जा. आवाज आला नाही तर सकाळी सात वाजता, वारा उठायच्या आत, होटगी रोडच्या विमानतळापासून दूरचं मोकळं रान बघून पहिली फेरी मारा. ट्रिम शून्यावर ठेवून.